सर, बाई, हिटलर शिकवता तसा तो भाजीवालाही शिकवा

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये इतिहास शिकवणाऱ्या सगळ्या सरांना आणि बाईंना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये राहते, अ‍ॅमस्टरडॅमला लागून अ‍ॅमस्टेलवेन म्हणून गाव आहे तिथे. शिक्षिका नाहीये, इतिहासाची डिग्री पण नाही, एका कंपनीत अकाउंट्स बघते. तरी हे पत्र लिहायला बसले कारण मे महिन्यात माझा भाचा सुट्टीत इकडे आला होता, आठवी संपवून नववीत जाणारा, आणि त्याने मला दोन प्रश्न विचारले. पहिल्याने मी हादरले आणि दुसऱ्याचं उत्तर शोधता शोधता मला अख्खा महिना लागला.

इथे 4 मे ला रात्री 8 वाजता दोन मिनिटं सगळा देश थांबतो. युद्धात गेलेल्यांसाठी. उन्हाळ्यात 8 ला चांगलं ऊन असतं, आम्ही ट्रामने घरी येत होतो आणि ट्राम मध्येच रुळावर थांबली, बाहेर सायकलवाले उतरून उभे राहिले, एक बाई कुत्र्याचा पट्टा धरून तशीच स्तब्ध. पोरगा माझ्या कानात म्हणाला, मावशी काय झालं? घरी येऊन त्याला सांगितलं की जर्मनांनी हा देश 10 मे 1940 ला हल्ला करून पाच दिवसांत घेतला, पाच वर्षं इथे त्यांचं राज्य होतं, आणि इथले ज्यू लोक पकडून पकडून मारले. तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "पण मावशी, हिटलर शिस्तीचा होता ना? देशासाठी केलं ना त्याने? आमच्या शाळेत महान नेते या प्रोजेक्टमध्ये एकाने त्याच्यावर चार्ट केला होता, त्याला ए ग्रेड मिळाली."

मी त्या मुलाला दोष देत नाही आणि त्याच्या बाईंनाही नाही. मला आमचं लहानपण आठवलं, फूटपाथवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर स्पर्धा परीक्षेच्या गाइडांशेजारी हिटलरचं आत्मचरित्र मराठीत मांडलेलं असायचं, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांच्या रांगेत, आणि आमच्यातली चांगली हुशार मुलं ते विकत घ्यायची. कोणी कधी म्हटलं नाही की अरे, त्या माणसाच्या राजवटीत रोज सकाळी दूध आणायला जाणाऱ्या माणसाचं काय होत होतं ते पण वाच.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला प्रिन्सेनग्राख्तवरच्या 263 नंबरच्या घरी घेऊन गेले. अ‍ॅन फ्रँक ही तिथे लपून राहिलेली ज्यू मुलगी, तिचं नाव त्याला माहीत होतं, "ती डायरीवाली मुलगी" एवढं. जॅमसाठी लागणारं पेक्टिन आणि मसाले विकणाऱ्या कंपनीचं ते ऑफिस, त्याच्या मागच्या भागात जुलै 1942 पासून 4 ऑगस्ट 1944 पर्यंत माणसं लपून होती, आधी सात, नोव्हेंबर 1942 पासून आठ, पुढे गोडाऊनमध्ये कामगार काम करतायत आणि मागे ही आठ जणं दिवसभर पायात चपला न घालता, ऑफिसच्या वेळात संडासात पाणीही न सोडता. भाचा तो अरुंद जिना चढून वर आला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, पण ते जेवायचे काय? आणून कोण द्यायचं?"

सर, बाई, तेरा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडला. मला अकरा वर्षांत पडला नव्हता. आणि मला वाटतं की या एका प्रश्नाला धरून तुम्ही शिकवलंत तर अख्खं महायुद्ध मुलांना कळेल, म्हणून मला जे जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

आणून कोण द्यायचं, तर ऑफिसमधली माणसं. मीप गीस नावाची बाई, पगारी कर्मचारी. ही मुळात व्हिएन्नाची, पहिल्या महायुद्धानंतर तिकडे उपासमार होती तेव्हा अशक्त मुलांना डच कुटुंबांत पाठवायचे त्यात ही लहानपणी आली आणि इथलीच झाली, म्हणजे परक्या घरी खाऊन पिऊन जगलेली मुलगी. तिच्यासोबत बेप फोस्काउल ही टायपिस्ट, आणि क्लाइमन आणि कूगलर हे दोघे साहेब. रेशनचा काळ होता. आपल्याकडे रेशन कार्ड म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको, तसंच इथे ब्रेड, बटर, मांस, साबण सगळ्याला कूपन, आणि कूपन मिळणार ते सरकारी नोंदीत नाव असलेल्यालाच. जो माणूस लपला तो नोंदीतून गेला, म्हणजे त्याच्या वाट्याचा ब्रेडही गेला. मग ब्रेड क्लाइमनच्या ओळखीच्या बेकरीतून यायचा. लपलेल्यांमधले फान पेल्स म्हणून गृहस्थ, त्यांनी लपायच्या आधीच मीपला मुद्दाम आपल्या खाटकाकडे बरोबर नेऊन उभं केलं होतं, म्हणजे पुढे ती एकटी यादी घेऊन आली की खाटकाने चेहरा ओळखावा. आणि त्याने ओळखला, काही विचारलं नाही.

आणि भाजी. हा माणूस माझ्या डोक्यातून जातच नाही. हेन्ड्रिक फान हूवे, जवळच लेलीग्राख्तवर त्याचं भाजीचं दुकान. ऑफिसातली एक बाई रोज एवढी भाजी नेते, घरात नवरा बायको दोघंच, हे भाजीवाल्याला कळणार नाही का? आपला मंडईतला भाजीवाला पण सांगतो की आज पाहुणे आलेत वाटतं. याने विचारलं नाही. बटाट्याची जड पोती स्वतः ऑफिसात पोचवायचा, कामगार जेवायला गेले की. एप्रिल 1944 मध्ये त्या इमारतीत रात्री चोर घुसले, दाराला भोक पाडून, आणि योगायोगाने हा नवरा बायको तिथून चालले होते. याने आत टॉर्च मारला, चोर पळाले. कुणीही अशा वेळी पोलिसांना बोलावेल. याने नाही बोलावलं. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, फक्त अंदाज होता, आणि त्या अंदाजावर तो गप्प घरी गेला आणि नंतर ऑफिसच्या माणसाला एवढंच म्हणाला की तुमच्याकडे पोलीस बोलावणं बरं नाही असं मला वाटलं. हे सगळं त्या मुलीच्या डायरीतच लिहिलेलं आहे, आपण फक्त तिच्याकडे बघतो आणि याच्याकडे लक्ष जात नाही.

पुढच्याच महिन्यात, 25 मे 1944 ला, तो पकडला गेला. या आठांमुळे नाही. त्याच्या स्वतःच्या घरात दोन ज्यू माणसं लपवलेली सापडली! म्हणजे हा माणूस घरी दोघांना पोसत होता आणि दुकानातून अजून आठांची भाजी गुपचूप पुरवत होता. तो वेगवेगळ्या कॅम्पांमधून फिरून जिवंत परत आला. आणि तो गेला त्या दिवसापासून वरच्या आठांचा सकाळचा नाश्ता बंद झाला. एक भाजीवाला आत गेला तर आठ माणसं उपाशी, इतकं ते नाजूक होतं.

डच भाषेत लपलेल्यांना जो शब्द आहे, ओंडरडाउकर, त्याचा अर्थ पाण्याखाली बुडी मारणारा. मला आपला शब्द आठवला, भूमिगत. वर्ष बघा, इथे लोक 1942 मध्ये बुडी मारत होते आणि त्याच वर्षी आपल्याकडे सातारा सांगलीत माणसं भूमिगत होत होती, नाना पाटलांना वर्षानुवर्षं गावोगाव कोणी ना कोणी ठेवून घेतलं, भाकरी पोचवली आणि फौजदार आला तर तोंड उघडलं नाही. मुलांना हे समजतं, आपल्याच मातीतलं आहे. फक्त एक फरक सांगायला हवा. आपले भूमिगत लढायला निघालेले होते, त्यांनी तो रस्ता निवडला होता. इथे लपवायचं होतं ते तीन महिन्यांचं बाळ, आजारी म्हातारी, शिंपी, शाळेतला मुलगा. त्यांनी काहीच केलेलं नव्हतं.

बाळांचं सांगते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्लांटाज मिडनलान नावाचा रस्ता आहे, तिथे एक नाट्यगृह होतं, पकडलेल्या कुटुंबांना आधी तिथे कोंडायचे आणि मग वेस्टरबोर्कच्या कॅम्पला, तिथून बहुतेक मंगळवारी पूर्वेकडे, माणसं मारायच्या छावण्यांकडे जाणारी ट्रेन. लहान मुलं रडतात, गोंधळ होतो म्हणून मुलांना रस्त्याच्या पलीकडच्या पाळणाघरात ठेवायचे. त्या पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, त्या स्वतः ज्यू. नाट्यगृहात कारभार बघणारा वॉल्टर झुस्किंड, तोही ज्यू, तो कागदांवरून मुलांची नावं गायब करायचा. आणि पाळणाघराच्या शेजारी शिक्षक होणाऱ्यांचं कॉलेज, म्हणजे डी.एड. कॉलेजच म्हणा ना, तिथले योहान फान हुल्स्ट. दोन्हींची मागची आवारं एकमेकांना लागून. मुलं कुंपणावरून पलीकडे द्यायची आणि तिथून कॉलेजातली पोरंपोरी त्यांना पिशवीत, कपड्यांच्या टोपलीत घालून ट्रेनने लांब खेड्यांत न्यायची. समोर नाट्यगृहाच्या दारात जर्मन पहारेकरी. मधून ट्राम जायची. ट्राम आली की पहारेकऱ्याला पलीकडचं दिसत नाही तेवढ्या वेळात मुलाला घेऊन बाहेर पडायचं आणि ट्रामच्या आडोशाने निघून जायचं. अशी साधारण 600 मुलं वाचली.

पण त्यासाठी आईबापांनी हो म्हणावं लागायचं, एका रात्रीत, अनोळखी माणसाला, कुठे नेणार हे न कळता. आणि ट्रेनला जाताना आईच्या कडेवर मूल दिसायला हवं, नाहीतर मोजणीत सापडणार, म्हणून काही आयांनी दुपट्यात बाहुली गुंडाळून नेली. हे मी भाच्याला सांगितलं नाही. मला सांगता आलं नाही. तुम्हाला जमलं तर बघा.

29 सप्टेंबर 1943 ला ते पाळणाघर रिकामं केलं. त्या शेवटच्या वेळी किती मुलांना बरोबर नेता येईल हे फान हुल्स्टना ठरवायचं होतं, त्यांनी 12 नेली. ते 107 वर्षं जगले, 2018 मध्ये गेले आणि शेवटपर्यंत जी राहिली त्यांच्याबद्दल बोलत राहिले. पिमेंटेलबाईंना पोलंडमधल्या आउशवित्झच्या मृत्युछावणीत मारलं. झुस्किंडची बायको आणि मुलगी तिथेच मारली गेली, तोही 1945 मध्ये संपला. शिक्षकांनो, एक शिक्षक घडवणारं कॉलेज होतं हो ते. आता त्याच इमारतीत म्युझियम आहे, 2024 मध्ये उघडलं.

आता दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर तुमच्या वर्गातली मुलं समजतील की हा देशच देवमाणसांचा होता. नव्हता. इथे सुमारे 1,40,000 ज्यू राहत होते. 1,07,000 ना ट्रेनमध्ये बसवलं आणि त्यातले साधारण 5,000 परत आले. दर चारातले तीन गेले, पश्चिम युरोपात एवढं प्रमाण दुसरीकडे कुठे नाही. आणि हे जर्मनांनी एकट्याने केलं नाही. सरकारी कारकुनांनी नोंदी इतक्या चोख ठेवल्या होत्या, ओळखपत्र इतकं पक्कं बनवलं होतं की नकली करणं अवघड, आणि त्यावर ज्यू असाल तर मोठा जे चा शिक्का. 1943 मध्ये डच माणसांचीच एक टोळी लपलेल्यांना हुडकायचं काम करायची, एका माणसामागे साडेसात गिल्डर, म्हणजे तेव्हाचं डच चलन, बक्षीस, आणि त्यांनी काही महिन्यांत 8,000 च्या वर माणसं पकडून दिली. साडेसात गिल्डर. शिस्तीचं कौतुक करणाऱ्या मुलाला ही शिस्त दाखवा, वेळेवर सुटणारी ट्रेन आणि व्यवस्थित भरलेलं रजिस्टर.

ट्रामचं पण तसंच. फेब्रुवारी 1941 मध्ये शहरातून चारशेच्या वर ज्यू तरुण उचलून नेले तेव्हा 25 तारखेला याच शहराच्या ट्राम कामगारांनी गाड्या बाहेर काढल्या नाहीत, गोदीतले कामगार, दुकानदार सगळे संपावर, दोन दिवस शहर बंद. जर्मनांनी गोळ्या घालून तो संप मोडला. आणि पुढच्याच वर्षी त्याच ट्रामनी रात्री ज्यू कुटुंबांना स्टेशनवर नेऊन सोडलं, आणि ट्राम कंपनीने त्याचं बिल लावलं. ज्या ट्रामच्या आडून मुलं निसटली, जी ट्राम माझ्या भाच्याला घेऊन 4 मे ला रुळावर थांबली, ती हीच. मला हे कळल्यापासून ट्राममध्ये बसताना पहिल्यासारखं वाटत नाही.

लपलेले ज्यू एकूण 25 ते 30 हजार असतील, त्यातले 16 हजारांच्या आसपास वाचले, बाकीचे पकडले गेले. त्यामागची व्यवस्था बघितली की मी अकाउंट्सवाली असल्यामुळे असेल, मला तीच सगळ्यात मोठी वाटते. कूपन कुठून आणणार? तर एक बाई होत्या, हेलेना कुइपर्स-रीटबर्ग, गावाकडच्या गृहिणी, मुलाबाळांच्या, सगळे त्यांना रीक मावशी म्हणायचे. त्यांनी आणि स्लॉम्प नावाच्या पाद्र्याने मिळून लपलेल्यांना घरं आणि कूपनं पोचवणारं जाळं उभं केलं, ज्यूंसाठी आणि जर्मनीत सक्तीच्या मजुरीला न जाणाऱ्या डच पोरांसाठी पण. कूपनं कमी पडली की तरुण पोरं रेशन ऑफिसवर दरोडे घालायची. रीक मावशी पकडल्या गेल्या आणि 1944 च्या शेवटी जर्मनीतल्या रावेन्सब्रूकच्या कॅम्पमध्ये वारल्या. मार्च 1943 मध्ये कलाकार मंडळींच्या एका गटाने पोलिसांच्या वेशात जाऊन अ‍ॅमस्टरडॅमचं लोकसंख्येच्या नोंदींचं ऑफिसच पेटवलं, कारण नकली ओळखपत्र तपासायला खरी नोंदच उरली नाही तर? त्यातला चित्रकार विलेम आरोन्डेयस, त्याला 1 जुलैला गोळ्या घातल्या.

आणि एक गाव. उत्तरेकडे ड्रेन्टे प्रांतात नीउलांडे, शेतकऱ्यांचं साधं गाव. तिथे असं ठरलं की प्रत्येक घराने एकाला तरी ठेवायचंच. म्हणजे सगळेच गुन्हेगार, कोण कोणाची चुगली करणार? मला वाटतं हे फक्त खेड्यातल्या माणसालाच सुचेल, ज्याला माहीत असतं की शेजाऱ्याला चुलीच्या धुरावरून पण कळतं घरात माणसं किती. योहानेस पोस्ट हा तिथला शेतकरी पुढारी, त्याला जुलै 1944 मध्ये मारलं. अर्नोल्ड डाउवेस आणि मॅक्स लेऑन्स ही जोडी दारोदार फिरून माणसं ठेवायची, त्यातला लेऑन्स स्वतः ज्यू होता हे मुद्दाम सांगा, कारण ज्यू नुसते हात जोडून बसले होते असं नव्हतं. पुढे ज्यूंच्या संहाराची आठवण जपणाऱ्या यरुशलेमच्या याद वाशेम संस्थेने त्या गावातल्या 117 जणांना गौरवलं. या संस्थेने जगभरातल्या अशा 28 हजारांहून जास्त माणसांची नावं नोंदवली आहेत, त्यात सहा हजारांच्या आसपास डच आहेत. पोलंडचे त्याहून जास्त, आणि तिकडे तर शिक्षा सरळ मृत्यू होती, मार्कोवा गावच्या उल्मा कुटुंबाने आठ ज्यूंना ठेवलं होतं तर 24 मार्च 1944 ला त्या आठांबरोबर नवरा, गरोदर बायको आणि त्यांची सहा लेकरं, सगळ्यांना मारलं.

आपल्याकडे काही जण म्हणतील की हे युरोपचं, आपल्या मुलांना कशाला. मला विचाराल तर सर, आपल्या अलिबाग, पेण, रेवदंड्याकडे ज्यू शेकडो वर्षं राहिलेत, घरात मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेलीच म्हणायचे. त्यांच्या दारात कधी कोणी यादी घेऊन आलं नाही. पण हिटलरचा चार्ट बनवणाऱ्या मुलाला हे माहीतच नाहीये की ज्यू म्हणजे आपल्या कोकणातला शेजारी पण असतो. त्याच्यासाठी तो पुस्तकातला एक शब्द आहे. पुस्तकातल्या शब्दाला मारलं तर कोणाला काय वाटणार?

म्हणून विनंती आहे. मला माहितीये तुमच्यावर काय काय कामं असतात, निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं, माझी वहिनी शिक्षिका आहे, मी बघते. नवा धडा मागत नाहीये. दुसरं महायुद्ध येईल तेव्हा एक तास द्या. त्या तासाला हिटलरचा फोटो नको. मुलांना सांगा की तुमच्या घराच्या माळ्यावर आज रात्रीपासून चार माणसं आलीत, एक लहान मूल आहे, किती दिवस राहणार माहीत नाही, रेशन तुमच्या घरापुरतंच आहे. आता सांगा दूध किती घ्याल आणि दूधवाल्याला काय सांगाल. कपडे कुठे वाळत घालाल. मूल रात्री तापाने फणफणलं तर कोणत्या डॉक्टरकडे जाल, तो बोलला तर? पाहुणे अचानक आले तर? तुमच्या लहान भावाने शाळेत सांगून टाकलं तर? मुलं भांडतील, काही जण स्पष्ट म्हणतील की आम्ही नाही ठेवणार बाबा. म्हणू द्या त्यांना. खरंच बहुतेकांनी नव्हतं ठेवलं. आणि भीती वाटत होती त्यांना वाईट ठरवू नका, फक्त साडेसात गिल्डर घेणारा आणि घाबरून दार लावून घेणारा हे दोघं एक नाहीत हे त्यांना बोलू द्या.

माझ्या भाच्याने परतीच्या आदल्या दिवशी वहीत हिशोब मांडला होता. आठ माणसं, माणशी रोज अर्धा किलो बटाटे, 25 महिने. तीन टनांच्या वर गेले. मग त्याने मला विचारलं की मावशी, त्या भाजीवाल्याच्या पोत्यात किती किलो मावत असतील, किती खेपा झाल्या असतील. मला सांगता आलं नाही. तो म्हणाला शाळा सुरू झाली की बाईंना विचारतो.

तो विचारेल, म्हणून आधीच कळवून ठेवते.

आपली,
एका नववीतल्या मुलाची मावशी
अ‍ॅमस्टेलवेन